तणाला तारखेने गाठा: शेतीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी पीकवार तणनियंत्रण

मागच्या श्रावणात एका मुलाचा फोन आला. नोकरी सोडून गावी आलेला, पहिल्यांदाच चार एकर सोयाबीन पेरलेलं. "दादा, तण लई झालं, कोणतं औषध मारू?" पेरून किती दिवस झाले, मी विचारलं. त्याला नेमकं सांगता येईना. तण केवढं? "गुडघ्याला लागतंय." म्हटलं, औषधाचे पैसे वाचव, बाया मिळतील तेवढ्या लाव आणि निदान बी धरायच्या आत तण उपटून धुऱ्याबाहेर, म्हणजे बांधाबाहेर काढ. त्याला वाटलं मी टाळतोय.

टाळत नव्हतो. गुडघाभर वाढलेलं तण काढलं तरी पिकाचं जे जायचं ते तोवर गेलेलं असतं. खत त्याने खाल्लं, ओल त्याने प्याली, ऊनही त्यानेच घेतलं. म्हणून तणाच्या बाबतीत 'कोणतं औषध' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, पेरून आज कितवा दिवस?

मी बुलढाणा-वाशीमच्या पट्ट्यातला, काळ्या रानातला. खुरप्याने तण काढण्याला आमच्याकडे निंदण म्हणतात आणि ओळींमधून अवजार फिरवण्याला डवरण. सासुरवाडी सांगलीकडची, तिकडे भांगलण आणि कोळपणी. कोकणात भाताची बेणणी. मुलुख बदलला की शब्दाबरोबर पीक, पाणी आणि अवजारही बदलतं. त्यामुळे एकाची युक्ती दुसऱ्याच्या रानात जशीच्या तशी बसत नाही. खाली लिहितोय ते बहुतेक आमच्या कोरडवाहूतलं आहे, कारण ते मला जास्त कळतं. बाकीच्या पिकांचं जेवढं पाहिलंय, केलंय तेवढंच सांगतो.

पहिलं काम: वहीत तारीख

पेरणी झाली त्याच दिवशी वहीत तारीख लिहा आणि तिच्याखाली शेत कुठल्या दिवसापर्यंत स्वच्छ ठेवायचं तेही लिहून टाका. मूग-उडदाला पहिले ३० दिवस महत्त्वाचे. सोयाबीन, ज्वारी, भुईमूग यांना ३० ते ४५ दिवस. कापूस आणि तुरीला ६०, कारण दोघांची सुरुवातीची चाल मंद. तूर तर महिनाभर नुसती उभी असते, वाढतेय की नाही अशी शंका यावी इतकी. कांद्यालाही दोन महिने धरा; त्याची पात सरळ उभी, जमिनीवर सावली पडतच नाही, त्यामुळे तणाला मोकळं आभाळ मिळतं. लावणीच्या भाताला साधारण ४० ते ४५ दिवस. उसाला चार महिने.

या दिवसांमागचं गणित सोपं आहे. पिकाची पानं एकमेकांना भिडून ओळी मिटल्या की पुढचं काम सावली करते. तोवरचं काम आपलं. म्हणून सोयाबीनमध्ये साठाव्या दिवशी वर आलेलं एखादं तुरळक तण पाहून घाबरू नका. पंधराव्या दिवशी दिसणाऱ्या दोन पानी हिरव्या झाकेला मात्र घाबरा. ती झाक रस्त्यावरून दिसत नाही, शेतात उकिडवं बसावं लागतं.

तण ओळखा, निदान कुटुंब तरी

सगळी नावं पाठ करायची गरज नाही. तीन गट ओळखता आले तरी पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. अरुंद, लांब पानाची गवतं एका बाजूला: हराळी, कुंदा, शिप्पी, चिमणचारा. रुंद पानाची दुसऱ्या बाजूला: केना, दुधी, माठ, कुर्डू, गाजरगवत, आघाडा, चांदवेल. तिसरा गट लव्हाळ्याचा. तो दिसतो गवतासारखा, पण गवत नाही. दांडा दोन बोटांत धरून फिरवा. तीन धारा बोटाला लागल्या की लव्हाळा. हे कळलं नाही तर गवताचं औषध आणून लव्हाळ्यावर माराल आणि दुकानदाराशी भांडाल.

दुसरी परीक्षा मुळाची. एक रोप खुरप्याने खणून काढा. नुसती झुपकेदार मुळं किंवा एक सोटमूळ निघालं तर ते बियाण्याचं तण. बी धरायच्या आत काढलं की त्याचा वंश तिथंच थांबला. पण खाली पांढऱ्या दोऱ्या निघाल्या, त्यावर डोळे दिसले, किंवा काळ्या गाठींची माळ निघाली, तर ते बारमाही. हराळी, कुंदा, लव्हाळा ही ती मंडळी. यांना वरून कितीही कापा, खालची तिजोरी शाबूत.

गणपतीच्या दूर्वा म्हणजे ही हराळीच, आणि दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या गाठी. देवाधर्माला आणि औषधाला इतक्या उपयोगी वनस्पती शेतात इतक्या का छळतात, असं आमची आजी म्हणायची आणि खुरपं चालवत राहायची.

केन्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आमच्या सोयाबीनच्या पट्ट्यात सध्या तो फार माजलाय. निळी नाजूक फुलं, रसाळ दांडा. झडीच्या, म्हणजे संततधार पावसाच्या दिवसांत बाया निंदतात आणि उपटलेला केना पिकाच्या ओळींमध्येच टाकतात. दोन दिवसांनी पाहा, प्रत्येक पेराला पांढरं मूळ फुटून तो पुन्हा उभा! शिवाय त्याला वर फुलं येतात तशी जमिनीखालीही येतात आणि तिथेही बी धरतं. म्हणून केना उपटला की टोपल्यात भरून धुऱ्यावर न्यायचा. नेहमीच्या तणनाशकांतूनही तो बऱ्याचदा वाचतो. बाकीची तणं मेली की याला सगळं रान मोकळं मिळतं. दरवर्षी एकच औषध मारणाऱ्यांच्या शेतात केना आणि मोठी दुधी वाढलेली दिसते ती यामुळेच.

पेरणीआधीचे तीन डाव

तणाशी स्वस्तातली लढाई पेरणीच्या आधी होते. नवे लोक नेमकी हीच सोडतात.

पहिला डाव उन्हाळ्याचा. हराळी-लव्हाळा असलेल्या रानाची एप्रिलमध्ये खोल नांगरट करा आणि ढेकळं तशीच तापू द्या. मुळं, गाठी उघड्या पडून वाळतात. नंतर वखराची, म्हणजे माती वरवर कापत जाणाऱ्या अवजाराची पाळी देऊन वर आलेल्या काश्या (दोरीसारखी मुळं) वेचून जाळा किंवा बाहेर टाका. इथे एक चूक हमखास होते: हराळीच्या रानात ओलीत रोटाव्हेटर फिरवणं. रान दिसतं लोण्यासारखं, पण एका हराळीचे शंभर तुकडे होतात, आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा म्हणजे रोप. मीही एकदा हे केलं. पुढची दोन वर्षं कोपऱ्यातली हराळी शेतभर झाली.

दुसरा डाव पहिल्या पावसाचा. मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांना पेरणीच्या तिफणीची घाई होते. जमत असेल तर पहिल्या चांगल्या पावसानंतर सात-आठ दिवस थांबा. तणाचा पहिला लोट हिरवा होऊन वर येतो. वापसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती कामाजोगी ओली राहिली, की वखराची उथळ पाळी द्या आणि मागोमाग पेरा. वखर दोन इंचांहून खोल घालू नका, नाहीतर खालचं झोपलेलं बी वर येईल. आता पाऊस लांबला तर पेरणी उशिरा होण्याची जोखीम आहे, हे खरं. म्हणून सगळं शेत नको, ज्या तुकड्यात दरवर्षी तण जास्त तिथे तरी हा डाव खेळा.

तिसरा डाव घरातून येणाऱ्या बियांचा. अर्धवट कुजलेलं शेणखत म्हणजे पैसे देऊन आणलेलं तणाचं बी. उकिरडा नीट तापून काळा, भुसभुशीत झाला असेल तरच खत पसरा. पाटाच्या पाण्याबरोबर, मळणीयंत्राबरोबर, उसन्या आणलेल्या बियाण्याबरोबरही बी येतं. यंत्र शेतात शिरण्याआधी झाडून घ्या. शेजारी हसतील, हसू द्या.

ओळीची पिकं: डवऱ्याचं राज्य

सोयाबीन, कापूस, ज्वारी, तूर ही ओळीत येणारी पिकं. यांचा मुख्य कामगार डवरा, म्हणजे तिकडचं कोळपं. पेरतानाच दोन ओळींमधलं अंतर डवऱ्याला बसेल असं ठेवा. सोयाबीनला १८ इंच ठीक. पेरणीयंत्राच्या फणांचं अंतर आणि घरातल्या डवऱ्याची पास (खालचं आडवं पातं) आधी टेपने मोजा. पेरून झाल्यावर डवरा बसत नाही असं कळणारे लोक मी दरवर्षी पाहतो.

पहिली डवरणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, दुसरी तिसाव्या दिवसाच्या आसपास. सोयाबीन फुलावर आल्यावर डवरा घालू नका, मुळं तुटतात, फुलं झडतात. डवरणी दुपारच्या उन्हात, जमीन वापशावर असताना करावी. तण उपटलं जातं आणि संध्याकाळपर्यंत कोमेजतं. ढगाळ दिवशी ओल्या मातीत डवरलं तर तण नुसतं जागा बदलतं. डवऱ्याने ओळीच्या मधलं निघतं, ओळीतलं नाही. तेवढं खुरप्याने. डवरणीच्या पाठोपाठ निंदण लावलं तर अर्ध्या बायांत काम उरकतं.

बैल नसतील तर एका माणसाने ढकलायचं सायकल कोळपं दोन-तीन एकरांपर्यंत चांगलं साथ देतं. मोठ्या अंतराच्या पिकाला इंजिनवर चालणारा पॉवर वीडर. आणि एक गोष्ट स्वतःच्या घरी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितो. अवजार कोणतं घ्यायचं ते पुरुष ठरवतात, आणि आठ-आठ तास वाकून निंदतात बाया. लांब दांड्याचं खुरपं किंवा हातकोळपं फार महाग नसतं.

कापसात जुने लोक चौफुली लावत. उभ्या आणि आडव्या दोन्ही रेघांवर, चौकोनाच्या कोपऱ्यावर सरकी. त्यामुळे डवरा उभाही जातो, आडवाही जातो, आणि झाडाजवळचं निंदण एकदम कमी होतं. कोरडवाहू कापसाला आजही मला यापेक्षा स्वस्त उपाय ठाऊक नाही. दोन्ही बाजूंनी डवरणी चालू राहिली तर पोळ्यापर्यंत कापूस आपला आपण रान झाकतो.

खरी पंचाईत झडीत होते. आठ-दहा दिवस पाऊस उघडत नाही, डवरा शेतात जात नाही, आणि तणाचे तेच दिवस भराचे. तणनाशकाची खरी जागा इथे आहे.

तणनाशक: दोन वेळा, दोन स्वभाव

काही औषधं तण उगवण्याआधी मारायची, काही उगवल्यावर. यात गल्लत झाली की पैसे पाण्यात.

उगवण्याआधीचं, उदाहरणार्थ पेंडीमिथॅलिन, पेरल्यापासून दोन दिवसांच्या आत जमिनीवर मारतात. ३० टक्के ईसी (पाण्यात मिसळणारं तेलकट औषध) असेल तर एकरी एक ते सव्वा लिटर. ते मातीवर एक थर धरतं आणि अंकुर त्यातून वर येताना मरतो. म्हणून जमिनीत ओल हवी, ढेकळं फोडलेली हवीत, आणि मारणाऱ्याने मागे मागे सरकत मारावं, म्हणजे पायाने थर मोडत नाही. आधीच उगवलेल्या तणाला याने काही होत नाही. हराळी-लव्हाळ्याला तर मुळीच नाही. हे सोयाबीन, कापूस, तूर, मूग, हरभरा या साऱ्यांना चालतं, म्हणून नवख्याने इथून सुरुवात करावी.

उगवल्यानंतरचं, सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं), एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर असताना. चार पानांपुढे गेलं की तण पिवळं पडतं, थबकतं आणि पुन्हा उठतं. फोनवरच्या त्या मुलाला मी औषध का सांगितलं नाही, ते आता कळेल. हे औषध जमिनीत बराच काळ राहतं, त्यामुळे पुढचं पीक ठरवूनच मारा. नुसतं गवत असेल तर क्विझॅलोफॉप इथाइल ५ टक्के, एकरी ४०० मिली. गवत सोडून बाकीच्यांना ते काही करत नाही, म्हणून कापूस-सोयाबीन-कांद्यात चालतं. कापसात रुंद पानांच्या तणांसाठी पायरिथिओबॅक सोडियम आहे, २० ते ३० दिवसांत. या सगळ्या मात्रा डब्यावरच्या लेबलशी ताडून पाहा, कारण त्याच नावाचं औषध वेगवेगळ्या तीव्रतेत येतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी आपल्या भागाच्या विद्यापीठाची ताजी शिफारस कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते.

आता पंपाचा हिशेब. बहुतेक जण इथेच चुकतात. 'एका पंपाला एक टोपण' हा हिशेब नव्हे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन आखा. तो एक गुंठा. पंपात साधं पाणी मोजून घ्या आणि तुमच्या नेहमीच्या चालीने तेवढा गुंठा मारा. समजा चार लिटर पाणी लागलं. एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे १६० लिटर. १६ लिटरचा पंप असेल तर एकरी १० पंप. ४०० मिली औषध १० पंपांत, म्हणजे पंपाला ४० मिली. तुमचा गडी झपाझप चालणारा असेल तर आकडा वेगळा येईल, म्हणून मारणाराच मोजणारा हवा. उगवणीपूर्वच्या औषधाला एकरी २०० लिटरच्या जवळ पाणी पडू द्या, त्यासाठी चाल हळू ठेवा.

नोझल पंख्यासारखा चपटा फवारा देणारं घ्या. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल बारीक धुकं करतं आणि ते वाऱ्यावर शेजाऱ्याच्या शेतात जातं. सकाळी वारा नसताना मारा, पाणी स्वच्छ घ्या. गढूळ पाण्यात काही औषधांची ताकद मरते.

आणि पंप वेगळा ठेवा. माझी गोष्ट सांगतो. धुऱ्यावरच्या गाजरगवताला २,४-डी हे रुंद पानांचं तणनाशक मारलं, पंप दोनदा विसळला आणि आठवड्याने त्याच पंपाने कापसावर मावा-तुडतुड्यांचं औषध मारलं. पाच-सहा दिवसांनी शेंड्याची नवी पानं अरुंद होऊन बोटांसारखी फाटलेली निघाली, अगदी भेंडीच्या पानासारखी, शिरा जाड आणि कड वळलेली. आधी वाटलं रोग आला. गावातल्या एका म्हाताऱ्याने लांबूनच पाहून विचारलं, "पंप कोणता होता?" दोन एकराची वाढ महिनाभर खुंटली. पंपाच्या नळीत, वॉशरमध्ये राहिलेला अंश कापसाला पुरतो. द्राक्ष, टोमॅटो यांनाही तो सोसत नाही. तेव्हापासून तणनाशकाच्या पंपावर लाल रंगाचा पट्टा आहे आणि तो दुसऱ्या कामाला कुणी उचलत नाही.

ग्लायफोसेटबद्दल सगळे विचारतात. ते हिरवं दिसेल ते सगळं मारतं, पीकही. केंद्र सरकारने २०२२च्या ऑक्टोबरात अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत, म्हणजे परवानाधारक फवारणीवाल्यांमार्फत करावा असं बंधन घातलं. हे औषध सोसणारं कापसाचं बियाणं गावोगाव चोरून विकलं जातं. त्याला देशात मान्यता नाही, पावती मिळत नाही, आणि उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाला तर पोटात गेल्यावर उतारा नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, पण हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला कापड आणि वाऱ्याकडे पाठ हे नियम इथेही तेच. तंबाखू मळायची असेल तर काम संपल्यावर, साबणाने हात धुऊन.

आंतरपीक: दोघांनाही विचारा

सोयाबीन-तूर, कापूस-मूग, ज्वारी-तूर. दोन पिकं एका शेतात असतील तर दोघांना सोसेल तेच औषध. ज्वारी-मक्याचं ॲट्राझिन तुरीला मारतं. गवताचं क्विझॅलोफॉप ज्वारीला मारतं, कारण ज्वारीही शेवटी गवतच. म्हणून ज्वारी-तुरीत डवरा आणि खुरपं हाच भरवशाचा मार्ग. सोयाबीन-तुरीला, कापूस-मुगाला पेरणीनंतर लगेच पेंडीमिथॅलिन चालतं. तसं पाहिलं तर आंतरपीक हेच तणावरचं औषध आहे. कापसाच्या मोकळ्या पट्ट्यात मूग-उडीद पसरला की तणाला जागाच उरत नाही.

ज्वारीत एक वेगळा शत्रू: टारफुला. हे परजीवी तण जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला चिकटतं आणि वर दिसेपर्यंत ज्वारी कोमेजायला लागलेली असते. फुलं येण्याआधी उपटा आणि त्या तुकड्यात पुढच्या हंगामात कापूस किंवा भुईमूग घ्या. त्यांच्या मुळांजवळ टारफुल्याचं बी फसून उगवतं, पण पोसायला कोणी मिळत नाही आणि मरतं.

भात: पाणी हेच खुरपं

कोकणातला राब ही मला फार हुशार गोष्ट वाटते. रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेणी, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) पसरून जाळतात. वरच्या थरातलं तणाचं बी तिथेच भाजून जातं. पुढे चिखलणीत उरलेलं गाडलं जातं आणि लावणीनंतर उभ्या पाण्याखाली नवं तण गुदमरतं. दोन ते पाच सेंटीमीटर पाणी पहिले तीन आठवडे टिकलं तर निम्मी बेणणी वाचते. बांध फुटका असेल तर आधी बांध बुजवा, तणनाशक नंतर.

भंडारा-गोंदियाकडे रोवणीचा, म्हणजे लावणीचा भात आणि आवत्या, म्हणजे फोकून पेरलेला भात, असे दोन प्रकार. आवत्यात भात आणि तण एकाच दिवशी उगवतात, म्हणून तिथे तण फार. रोवणीच्या भाताला लावणीनंतर ३ ते ५ दिवसांत, पाणी उभं असताना प्रेटिलाक्लोर ५० टक्के एकरी ६०० मिली. नंतरसाठी बिसपायरिबॅक सोडियम १० टक्के, एकरी १०० मिली, १५ ते २० दिवसांनी. हे मारताना बांधीतलं, म्हणजे खाचरातलं पाणी काढायचं, आणि दोन दिवसांत परत भरायचं.

बेणताना भातात मिसळलेलं सावावर्गीय गवत नवख्याला ओळखू येत नाही आणि भात उपटला जातो. पान खोडाला जिथे मिळतं ती जागा सोलून पाहा. भाताला तिथे पांढरी, कागदासारखी जिभली आणि दोन बारीक केसाळ कान असतात. त्या गवताला ती जागा कोरी, गुळगुळीत. एकदा दहा रोपं सोलून पाहिली की मग डोळा आपोआप धरतो.

ऊस, कांदा, भाजी, बाग

उसाचे चार महिने सांभाळले की मग तो कोणालाच जवळ येऊ देत नाही. लागणीनंतर तीन ते पाच दिवसांत, वापशावर मेट्रिब्युझिन ७० टक्के एकरी ६०० ग्रॅम. नंतर बाळबांधणी आणि मोठी बांधणी, म्हणजे उसाच्या बुडाला माती लावण्याची दोन कामं, यांत बरंचसं तण मातीआड होतं. लव्हाळा असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम, लव्हाळा चार-पाच पानांवर असताना. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळू नका. सरीत पसरलेल्या पाचटाखाली तण उगवत नाही आणि ओलही धरते. सासऱ्यांच्या शेतात हे पटायला त्यांना चार हंगाम लागले. 'पाचटात साप होतात' हा त्यांचा मुद्दा मी आजवर खोडू शकलेलो नाही.

कांदा १५ बाय १० सेंटीमीटरवर, म्हणजे कोळपं बाद. लागवडीच्या वेळी ऑक्सिफ्लोरफेन २३.५ टक्के, लिटरला दीड ते दोन मिली, आणि ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान एक हाताची खुरपणी, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. खुरपं खोल गेलं तर कांद्याची मुळं हलतात, म्हणून भुसभुशीत ओलीत, टोकाने.

भाजीपाल्याला वाफा झाकायचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर उत्तम, पण लव्हाळ्याच्या रानात नव्हे. लव्हाळ्याचं सुईसारखं टोक पेपर फोडून सरळ वर येतं. त्या रानात आधी दाट ताग पेरा आणि फुलोऱ्याआधी गाडा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. आणि उगवलेला लव्हाळा दर दोन-तीन आठवड्यांनी खणत राहा, कारण महिना-दीड महिन्यात तो नव्या गाठी धरायला लागतो. एका वर्षात संपत नाही, पण हटतो.

फळबागेत सगळं रान उघडं-बोडकं ठेवायचा हट्ट सोडा. खोडाभोवती आच्छादन, आणि दोन ओळींमधलं गवत ब्रश कटरने कापून तिथेच पाडायचं. संत्र्या-मोसंबीची अन्न घेणारी मुळं वरच्या थरात असतात, नांगर किंवा रोटाव्हेटर झाडाजवळ नेला की ती तुटतात. आंबा-काजूच्या बागेत दिवाळीनंतर गवत कापलंच पाहिजे, वणवा लागू नये म्हणून.

गाजरगवत आणि हंगामानंतरची फेरी

गाजरगवताची आपल्याकडची पहिली ठळक नोंद १९५५च्या सुमारास पुण्याची. काँग्रेसच्या राजवटीत आयात गव्हाबरोबर ते आलं असं मानतात, म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं. एकेका झाडाला हजारो बिया. फुलायच्या आधी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. अंगाला खाज, डोळ्यांना त्रास, काहींना दमाही होतो. फुलण्याआधीचं कंपोस्टला चालतं, फुललेलं नाही. पडीक जागेत टाकळा फोकला तर तो त्याला दाबतो. पानांवर पिवळसर, तपकिरी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे, १९८४मध्ये बेंगळुरूला सोडलेले, पावसाळ्यात हेच गवत खातात.

घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू, केन्याची भजी. यांतलं बरंच 'तण' आमच्याकडे ताटात जातं. फवारलेल्या शेतातलं मात्र काढून आणू नका, कितीही कोवळं दिसलं तरी.

सोयाबीन निघालं की नवे लोक सुटकेचा श्वास टाकून घरी बसतात. त्याआधी एक गोणी घेऊन शेतात शेवटची फेरी मारा. वर राहिलेली, बी धरलेली कुर्डू, माठ, दुधी कापून गोणीत भरा आणि शेताबाहेर जाळा. हराळी-लव्हाळ्याचे ठिपके जिथे दिसतील तिथे बाभळीची एकेक खुंटी ठोका. रब्बीचा हरभरा उगवला की ते ठिपके दिसेनासे होतात, आणि एप्रिलात नांगर आला तेव्हा कुठे खोल घालायचा हे त्या खुंट्यांवरूनच कळतं.